मिथेनॉल जिभेला का ओळखू येत नाही?

जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक जणांचा बळी घेतला. त्या दारूत मिथेनॉल होते. पिणाऱ्यांना ते कळले कसे नाही, याचे बरेचसे उत्तर रेणूतील इलेक्ट्रॉनांच्या वाटणीत आहे.

अल्कोहोलच्या रेणूत ऑक्सिजनचा अणू एकीकडे कार्बनशी, तर दुसरीकडे हायड्रोजनशी जोडलेला असतो. बंधातील इलेक्ट्रॉन दोन्ही अणूंच्या सामाईक मालकीचे खरे, पण ही भागीदारी बरोबरीची नव्हे. पॉलिंग यांच्या मापानुसार ऑक्सिजनची विद्युतऋणता ३.४४, कार्बनची २.५५ आणि हायड्रोजनची २.२० आहे. साहजिकच इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे झुकतात; त्याच्यावर अंशतः ऋण, तर हायड्रोजनवर अंशतः धन प्रभार येतो. हा हायड्रोजन मग शेजारच्या रेणूतील ऑक्सिजनकडे ओढला जातो. ही ओढ किती मोठी, ते पाहा: दोनच कार्बन असलेला इथेन वायू उणे ८९ अंश सेल्सिअसला उकळतो, तेवढेच कार्बन असलेले इथेनॉल ७८ अंशांना. पाण्याशीही ते याच ओढीने एकजीव होते.

मिथेनॉलमध्ये एक कार्बन कमी, पण ध्रुवीय टोक तेच. म्हणून तेही पाण्यात हव्या त्या प्रमाणात मिसळते; रंग नाही, आणि मद्यात मिसळल्यावर वास-चवही वेगळी जाणवत नाही. फरक कळतो तो यकृतात. तेथे त्यापासून फॉर्माल्डिहाइड आणि पुढे फॉर्मिक आम्ल तयार होते, जे डोळ्यांच्या मज्जातंतूंवर घाला घालते. उपचारात डॉक्टर प्रसंगी इथेनॉलच देतात, कारण यकृतातील एकच एन्झाइम दोघांवर काम करते आणि ते इथेनॉलला आधी धरते.