नवीन टाकलेला पार्टच खराब निघाला तर? बाबांच्या एस्टीमच्या फ्युएल प्रेशर रेग्युलेटरची गोष्ट

या भागाचं रेकॉर्डिंग करताना पंख्याचा आवाज फार आलाय, त्यामुळे ज्यांना ऐकवत नाहीये त्यांच्यासाठी हे लिहून काढलंय. बोलताना राहिलेल्या एक-दोन गोष्टीही घातल्या आहेत.

आमच्याकडे २००३ ची एस्टीम आहे, एमपीएफआय, पेट्रोल. गाडी साताऱ्याला, मी पुण्यात. बाबा रोज चालवतात आणि पेट्रोल भरलं की डायरीत किलोमीटर लिहितात. त्या डायरीनेच पहिला बग रिपोर्ट दिला. १४-१५ चा अ‍ॅव्हरेज दीड महिन्यात १० वर आला. गाडी गार असताना नीट चालू व्हायची, पण बाजारातून दहा मिनिटांत परत आलं की खूप वेळ सेल्फ मारावा लागायचा, आणि मग काळा धूर. शिवाय गाडीत पेट्रोलचा वास. आई म्हणाली, "मी या गाडीत बसणार नाही." बाबांनी तर भंगारवाल्याला भावसुद्धा विचारून ठेवला होता.

मी शनिवारी गेलो. तोपर्यंत मेकॅनिक काकांनी प्लग बदलले होते, एअर फिल्टर बदलला होता, कूलंटचा टेंपरेचर सेन्सरही बदलून झाला होता. तो सेन्सर "इंजिन गार आहे" असं खोटं सांगायला लागला की ईसीयू जास्त पेट्रोल सोडतो, त्यामुळे त्यांचा संशय चुकीचा नव्हता. फरक मात्र शून्य. मी विचारलं, "काका, हे सगळं सुरू व्हायच्या आधी गाडीत काय काय बदललं होतं?" म्हणाले, "इंजेक्टर साफ केले, आणि रेग्युलेटर नवा टाकला. पण तो नवाच आहे रे, त्याचा काय प्रश्न?"

कोड लिहिणाऱ्यांना इथे लगेच घाम फुटला असेल. काल डिप्लॉय केलं आणि आज सर्व्हर पडला, तर आपण सगळ्यात आधी कालचंच बघतो. गाडीच्या बाबतीत मात्र नवीन म्हणजे चांगला असं धरून आपण त्या पार्टच्या नावापुढे टिक मारतो आणि बाकीची गाडी शोधत बसतो.

आता हा रेग्युलेटर करतो काय? इंजेक्टरच्या वरून एक पाइप जातो, त्याला रेल म्हणतात. टाकीतला पंप त्यात गरजेपेक्षा जास्तच पेट्रोल ढकलत असतो. रेलच्या टोकाला पत्र्याची छोटी डबी असते, तो रेग्युलेटर. आत मधोमध रबरी पडदा. पडद्याच्या एका बाजूला पेट्रोल, दुसऱ्या बाजूला स्प्रिंग. पेट्रोलचा दाब स्प्रिंगपेक्षा वाढला की पडदा मागे सरतो, व्हॉल्व्ह उघडतो आणि जादाचं पेट्रोल रिटर्न लाइनने परत टाकीत जातं.

स्प्रिंगच्या बाजूला एक बारीक रबरी नळीही जोडलेली असते. तिचं दुसरं टोक इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे जिथे इंजेक्टर पेट्रोल फवारतो तिथे. गाडी आयडलला असताना मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो, साधारण ०.६ बार. तो पडद्याला ओढून धरतो, म्हणून रेलचा दाब ३ वरून २.४ च्या आसपास उतरतो. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की व्हॅक्यूम जवळजवळ संपतो आणि दाब परत ३. म्हणजे इंजेक्टरच्या दोन्ही टोकांमधला फरक कायम ३ बारच राहतो. ईसीयूच्या हातात फक्त इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा एवढंच आहे. या गाडीत दाब मोजणारा सेन्सर नाही, तो बरोबरच आहे असं ईसीयू गृहीत धरतो.

आता पहिली टेस्ट, आणि तिला एक रुपयाही लागत नाही. इंजिन बंद करून थंड होऊ दिलं आणि ती बारीक नळी रेग्युलेटरवरून काढली. नळी कोरडी हवी. आमच्या नळीतून पेट्रोलचे थेंब पडले. पडदा फाटला होता, आणि व्हॅक्यूम त्या फटीतून कच्चं पेट्रोल थेट इंजिनात ओढत होता. गंमत म्हणजे गेजवर दाब जवळपास ठीकच दिसत होता. फक्त गेजवर विसंबलो असतो तर फसलो असतो. डिपस्टिक काढून वास घेतला, तर ऑइललाही पेट्रोलचा वास. हे जास्त वाईट, कारण पातळ झालेलं ऑइल बेअरिंग सांभाळत नाही.

काकांचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, कारण चूक त्यांची नव्हती. त्यांनी दुकानदाराने दिलेला पार्ट बसवला होता. दुकानदाराने बिल नसतानाही बदलून दिला, तेवढं त्याचं मानायला हवं.

दुसरा पीस बसवला. नळी कोरडी, वास गेला. मी खूश होऊन पुण्याला आलो. चार दिवसांनी बाबांचा फोन: "अरे, अ‍ॅव्हरेज बाराच्या वर जात नाहीये."

पुढच्या शनिवारी परत गेज लावला. हे घरी करणार असाल तर आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे लाइनमधला दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, जोडाखाली फडकं धरा, आणि गरम सायलेन्सरजवळ हे उद्योग करू नका. फायर एक्स्टिंग्विशर हाताशी असू द्या. कधी केलं नसेल तर मेकॅनिकलाच करू द्या, तुम्ही शेजारी उभे राहा.

फ्यूज आणि वायर परत लावून इंजिन चालू केलं, व्हॅक्यूम नळी काढून तिचं तोंड बंद केलं आणि दाब बघितला: ३.७ बार. हवा होता ३ च्या आसपास. लगेच रेग्युलेटरला दोष द्यायचा नाही, कारण रिटर्न लाइन चोक असली तरी दाब असाच चढतो. म्हणून रिटर्नचा पाइप काढून दुसरी नळी लांब ठेवलेल्या कॅनमध्ये सोडली. तरी ३.७ च. म्हणजे आतली स्प्रिंगच कडक. इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं: ३.७ भागिले ३, त्याचं वर्गमूळ साधारण १.११. म्हणजे प्रत्येक फवाऱ्याला ११ टक्के जादा पेट्रोल. बाबांची डायरी खरं बोलत होती.

तिसरा पीस त्या दुकानातून घेतलाच नाही. जुन्या ओरिजिनल रेग्युलेटरचा पार्ट नंबर काकांनी डब्यात जपून ठेवला होता, तो घेऊन मी नाना पेठेत फिरलो. दोन ठिकाणी "सेम आहे साहेब, बसतंय" असं उत्तर मिळालं. बसतं हो, पण कितीला उघडतं? आणि पडद्याचं रबर ई-२० पेट्रोलला चालणारं आहे का? या दोन प्रश्नांवर दोन्ही दुकानदार चहा मागवायला लागले. शेवटी कंपनीच्या काउंटरवर ऑर्डर दिली. नऊ दिवस लागले, किंमत जवळपास तिप्पट. गेजवर व्हॅक्यूमशिवाय २.९, आयडलला २.३, आणि इंजिन बंद केल्यावरही काटा जागेवर.

ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलला. काजळलेले प्लग पुसून परत लावले.

एक सांगायचं राहिलं. हल्लीच्या बहुतेक गाड्यांमध्ये रेग्युलेटर टाकीतच पंपाबरोबर असतो आणि रिटर्न लाइन इंजिनपर्यंत येत नाही. तिथे ही नळीवाली टेस्ट शोधत बसू नका.

परवा बाबांनी टाकी फुल करून मोजलं, १४.३. आई मागच्या सीटवर बसून कराडला जाऊन आली. काकांनी आता ऑनलाइन स्वतःचा प्रेशर गेज मागवलाय, आणि तो कुठल्या जोडाला बसेल हे विचारायला रोज रात्री मला फोन करतात.