थोडं चालू, थोडं वल्हवू: तलावाकाठचा ट्रेल आखायचा कसा?

ज्यांना कानाला हेडफोन लावायला वेळ नाही, त्यांच्यासाठी आजचा एपिसोड लिहून देतोय. प्रश्न असा: काठाने चालायचं आणि मधेमधे कयाक वल्हवायची, असा ट्रेल आपल्या वाशिमकडे कसा आखायचा?

उदाहरणाला काटेपूर्णा घेऊ. नदी वाशिम जिल्ह्यात उगम पावते आणि महानजवळ तिच्यावर धरण आहे. भोवतीचं अभयारण्य अकोला आणि वाशिम, दोन्ही जिल्ह्यांत पसरलंय. म्हणून पहिलं काम परवानगीचं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात असंच शिरता येत नाही. वनविभागाला विचारा, पाण्यात उतरायचं तर जलसंपदा विभागालाही. 'नाही' म्हणाले तर दुसरा तलाव बघा. पद्धत तीच राहते. आणि हो, अकोला शहर हेच पाणी पितं. साबण, प्लास्टिक काही पाण्यात जाता कामा नये.

आता मुख्य मुद्दा. धरणाचा काठ एका जागी थांबत नाही! पावसाळ्यानंतर पाणी झाडांपर्यंत येतं, उन्हाळ्यात पार आत सरकतं. मोकळ्या झालेल्या जमिनीवर लोक गाळपेर करतात, म्हणजे तुमची 'वाट' कुणाचं तरी पीक असू शकते. वरून सुकलेला गाळ आतून ओलाच असतो, पाय गुडघ्यापर्यंत जातो. म्हणून मोबाईलवरच्या एका नकाशावर विसंबू नका. सेंटिनेल-2 उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात. ऑक्टोबरचं आणि मे महिन्याचं चित्र शेजारी ठेवा, काठ किती हलतो ते लगेच कळेल. ट्रेल तारखेसकट आखा.

मग चालायचं कुठे, वल्हवायचं कुठे? नाले जिथे धरणाला मिळतात तिथे पाणी बोटांसारखं आत शिरतं. असं बोट पायी वळसा घालून पार करायला तासभर लागेल, पाण्यातून दहा मिनिटं. टेकाडावर चाला, बोटं वल्हवत ओलांडा.

होडी परत कशी आणायची? दोन गट करा. एक गट पायी, दुसरा कयाकने, दोघंही एकाच ठिकाणी पोचा. तिथे अदलाबदल करून परत फिरा. सगळ्यांचं दोन्ही होतं, गाडीही लागत नाही.

निघायच्या आधी मासेमारी करणाऱ्या भोई मंडळींशी बोला. जाळी कुठे लावलीत, बुडालेली खोडं कुठे आहेत, हे कुठल्याच ॲपवर दिसत नाही. वल्हवायचं सकाळी, वारा सुटायच्या आत. आणि लाईफ जॅकेट प्रत्येकाला, पट्ट्या आवळून. "मला पोहता येतं" हे कारण चालणार नाही. काठाजवळ कमरेएवढं वाटणारं पाणी जुन्या नदीपात्रावर एकदम खोल होतं.

जॅकेट एक जरी कमी पडलं, तरी त्या दिवशी सगळ्यांनी फक्त चालायचं. ट्रेल कुठे पळून जात नाही.