दहा शब्दांची शेपटी

सरदार दयालसिंग मजीठिया यांनी १८८१ मध्ये लाहोरला ‘द ट्रिब्यून’ काढलं आणि मृत्युपत्रात छापखान्यासकट ते विश्वस्तांच्या हवाली केलं. खर्च भागून उरेल तो पैसा पत्राच्याच सुधारणेला लावायचा. पुढे आयकर खात्यानं हटकलं: अंक विकता, जाहिराती घेता, मग हे धर्मादाय कसं? भांडण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं. १९३९ मध्ये विश्वस्त जिंकले. सुशिक्षित लोकमताला मुखपत्र मिळवून देणं हे लोकोपयोगी कामच, असं तिथे ठरलं.

आता १९७५. कर्नाटकातला लोकशिक्षण ट्रस्ट, तोही वर्तमानपत्र चालवणारा. सर्वोच्च न्यायालयात तो हरला!

मधल्या काळात काय घडलं? १९६१ च्या आयकर कायद्यानं ‘धर्मादाय हेतू’च्या व्याख्येला दहा इंग्रजी शब्दांची शेपटी लावली होती. गरिबांना साहाय्य, शिक्षण, वैद्यकीय मदत हे तीन हेतू तसेच राहिले. चौथा, म्हणजे ‘सार्वजनिक उपयोगाचं अन्य कोणतंही उद्दिष्ट पुढे नेणं’, याला मात्र अट आली: त्यात नफ्यासाठी चालवलेलं काम नसावं. वर्तमानपत्र हे ‘शिक्षण’ही ठरलं नाही; शिक्षण म्हणजे पद्धतशीर शिकवणं, असं न्यायालय म्हणालं.

पण शेपटी नेमकी कशाला जोडलेली आहे, ‘उद्दिष्टा’ला की ‘पुढे नेण्या’ला? मला हा प्रश्न फार सुंदर वाटतो. पुढे नेण्याला असेल, तर संस्थेनं चांगल्या कामासाठी कमाईचा उद्योग केला तरी करसवलत गेली. उद्दिष्टाला असेल, तर हेतू नफ्याचा नसला की झालं. सुरतच्या आर्ट सिल्क कापड उत्पादकांच्या संघटनेला सभासदांना सूत मिळवून देण्यावर कमिशन मिळे. तिच्या खटल्यात पाच न्यायाधीशांपुढे व्याकरणाचा हाच गुंता आला. १९७९ मध्ये बहुमतानं कौल दिला: उद्दिष्टाला. मुख्य हेतू पाहायचा. संघटना जिंकली.

ज्या वकिलानं तो निकाल नव्या कोऱ्या काळ्या कोटात वाचला असेल, त्याची पुढची कारकीर्द डोळ्यांपुढे आणा. १९८३ च्या वित्त कायद्यानं ती शेपटीच छाटली. २००८ मध्ये व्यापार-उदिमाची बंदी वेगळ्या शब्दांत परत आली. २०१५ मध्ये, एकूण जमेच्या वीस टक्क्यांपर्यंत अशी कमाई चालेल, असं ठरलं. आणि १९ ऑक्टोबर २०२२ ला अहमदाबाद नगरविकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की बदललेल्या कायद्यापुढे सुरतची कसोटी आता लागू नाही. त्रेचाळीस वर्षं, आणि सगळी एका वाक्याच्या अवतीभवती!

असा वकील आधी हिशेब उघडत नाही, संस्थेची घटना उघडतो. उद्दिष्टांचं कलम ओळीनं वाचतो, मग पावत्या. वाचनालयानं सभागृह लग्नाला दिलं, रुग्णालयानं औषधांचं दुकान थाटलं, तर तो पैसा कुठून आला आणि कुठे गेला? आयकरात प्रत्येक वर्षाची आकारणी वेगळी असते. गेल्या वर्षी जिंकलेला मुद्दा यंदाच्या अधिकाऱ्याला कायमचा बांधून ठेवत नाही. त्यामुळे पुढच्या वर्षी तीच संस्था त्याच पावत्यांची नवी फाईल घेऊन त्याच्या दारात उभी राहू शकते, आणि तो पुन्हा उद्दिष्टांच्या कलमापासून वाचायला लागतो.