चौघांच्या स्लाइड एकाच पीपीटीत कशा आणायच्या?

प्रेझेंटेशनच्या आदल्या रात्री चौघांच्या फाइल एकत्र केल्या की कुणाचा बॅकग्राउंड उडतो, कुणाचे फॉन्ट बदलतात. कारण पेस्ट केलेल्या स्लाइडला पॉवरपॉइंट आपोआप नव्या फाइलची थीम लावतं. मूळ रूप हवं असेल तर राइट-क्लिक करून ‘कीप सोर्स फॉरमॅटिंग’ निवडा. पण सगळ्यांसाठी हेच केलं तर फाइलची गोधडी होते. त्यापेक्षा एकाची थीम ठरवून बाकीच्या स्लाइड तिच्यात आणा आणि हट्टी स्लाइडवर ‘रीसेट’ दाबा. वेगळ्या टेक्स्ट बॉक्समधला मजकूर मात्र हातानेच सुधारावा लागतो.

मराठीत खरी फजिती पुढेच. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर, तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर भलतीच चिन्हं दाखवतो. तो रात्रीच युनिकोडमध्ये बदलून घ्या.