साठवण अफाट, पण वाचणार कोण?

१९५६ मध्ये आयबीएम या अमेरिकन कंपनीने ‘रॅमॅक’ नावाचे संगणकयंत्र बाजारात आणले. त्याच्या स्मरणभांडाराचे वजन टनाहून अधिक होते. दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या एका दांड्याभोवती फिरत आणि त्यांवर सारी मिळून ५० लाख अक्षरे मावत. आज अंगठ्याच्या नखाएवढ्या मेमरी कार्डात एक टेराबाइट, म्हणजे एक लाख कोटी अक्षरे मावतात. अशी कार्डे २०१९ मध्येच आली. ही वाढ दोन लाख पटींची झाली. हा हिशेब अर्थात रोमन अक्षरांचा. युनिकोडच्या रूढ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तिप्पट जागा अडवते. पण हा तिप्पट कर भरूनही त्या कार्डात काही लाख मराठी ग्रंथ सहज बसावेत.

हे कसे साधले? प्रथम तबकड्या लहान झाल्या. १९८० मध्ये सीगेट कंपनीने रॅमॅकएवढीच साठवण सव्वापाच इंचांच्या तबकडीयंत्रात बसवली. त्याच दशकात जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी ‘फ्लॅश’ स्मृती शोधून काढली आणि फिरती तबकडीच अनावश्यक ठरवली. सिलिकॉनच्या चिपवरील सूक्ष्म कप्प्यांत विद्युतभार कोंडायचा आणि तो किती आहे यावरून नोंद वाचायची, ही तिची रीत. पुढे दाटीच्या शहरात मजल्यांवर मजले चढावेत तसे कप्प्यांचे थर एकमेकांवर रचले गेले. आता त्यांची संख्या दोनशेच्या वर गेली आहे.

तथापि कोंडलेला भार हळूहळू झिरपतो. कपाटात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या कार्डावरील नोंद शाबूत राहीलच, याची हमी नाही. आणि भार टिकला, तरी वाचणारे यंत्र टिकायला हवे.

या बाबतीत ब्रिटनचा अनुभव बोलका आहे. १०८६ मध्ये राजा पहिला विल्यम याच्या आज्ञेने इंग्लंडची जमीन-मोजदाद चर्मपत्रावर लिहिली गेली. त्या ‘डोम्सडे बुका’ला नऊशे वर्षे झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने लेसर तबकड्यांवर नवी मोजदाद प्रसिद्ध केली. तीत शाळकरी मुलांसह दहा लाखांहून अधिक लोकांनी भाग घेतला होता. अवघ्या पंधरा-सोळा वर्षांत त्या तबकड्या वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली आणि जुन्या यंत्राची नक्कल करणारी आज्ञावली रचण्यासाठी विद्यापीठांतील संशोधकांना कष्ट घ्यावे लागले. २०११ मध्ये ही सामग्री संकेतस्थळावर आली. २०१८ मध्ये ते संकेतस्थळही बंद झाले. चर्मपत्रावरचा मूळ ग्रंथ मात्र लंडनमधील राष्ट्रीय अभिलेखागारात आजही उघडून वाचता येतो.

यावरून कागद अमर आहे असे कोणी समजू नये. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील रुमाल जपले गेले आहेत, पण मोडी वाचणारे किती उरले? फरक एवढाच की मोडी शिकता येते. बंद पडलेल्या कारखान्याचे यंत्र असे शिकून घेता येत नाही.

म्हणूनच आपल्या शाळांचे निकाल, जन्ममृत्यूच्या नोंदी, जमिनीचे उतारे संगणकावर चढले, एवढ्याने समाधान मानणे धोक्याचे आहे. दर काही वर्षांनी या नोंदी नव्या साधनावर उतरवून घेणे, किमान दोन ठिकाणी प्रती ठेवणे, एकाच कंपनीच्या मर्जीवर न चालणारी नोंदपद्धती वापरणे ही कामे कंटाळवाणी खरी. त्यांचे उद्घाटनही करता येत नाही. नव्या यंत्राच्या खरेदीला मंजुरी सहज मिळते, पण जुन्या यंत्रातील नोंदी कोणी, कधी आणि कोणत्या खर्चातून उतरवून घ्यायच्या, हे त्याच मंजुरीपत्रात लिहिलेले असले पाहिजे. नाहीतर ते काम बदलीच्या वाटेवर असलेल्या एखाद्या कारकुनाच्या खणात पडून राहते.