भिंतीलगतचे छप्पर : भार, वारा आणि पाणी

घरापुढील अंगणावर किंवा मागील दारी पत्र्याचे छप्पर टाकून पडवी वाढविण्याची प्रथा जुनी आहे. घराच्या पायाचा आणि तुळयांचा बारकाईने विचार करणारा गृहस्थही हे काम किरकोळ समजून ठेक्यावर सोपवितो. वास्तविक छप्पर घराच्या भिंतीला जेथे मिळते, तो सांधा ही या बांधकामातील सर्वांत नाजूक जागा होय.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा असंख्य घरांचे पत्रे व कौले उडाली. छप्पर खाली कोसळण्याची भीती सर्वांनाच वाटते. परंतु हलक्या छपराला खरा धोका असतो तो वर उचलले जाण्याचा. भारतीय मानक ८७५, भाग ३ अन्वये वाऱ्याचा मूलभूत वेग पुण्यासाठी सेकंदाला ३९ मीटर, मुंबई व नागपूरसाठी ४४, दिल्लीसाठी ४७ आणि कोलकात्यासाठी ५० मीटर धरला जातो. ४४ मीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ११८ किलो होतो. १२ फूट लांब व ८ फूट रुंद छपरावर हा जोर १ टनाच्या घरात जातो. छपराच्या आकारानुसार व उघडेपणानुसार तो कमीअधिक होईल. तथापि तेवढ्या पत्र्याचे स्वतःचे वजन जेमतेम ४५ किलो असते, हे ध्यानी घेतले म्हणजे बोल्टांचे महत्त्व कळते.

भिंतीवर बसवायच्या आडव्या अँगलचे बोल्ट केवळ गिलाव्यात रुतून उपयोगाचे नाहीत. ते गिलाव्यापलीकडे भिंतीच्या गाभ्यात पक्के बसले पाहिजेत. काँक्रीटची तुळई हा त्यांच्यासाठी सर्वोत्तम आधार. मात्र छिद्र पाडताना आतील सळई कापली जाणार नाही, याची दक्षता घ्यावी. गच्चीचा कठडा, ४ इंची भिंत, पोकळ ठोकळ्यांची भिंत अथवा मातीत रचलेले जुने चिऱ्याचे बांधकाम यांवर असा भार टाकू नये. अशा घरांसाठी चारही खांबांवर स्वतंत्र उभे राहणारे छप्पर श्रेयस्कर ठरते. खांबही नुसते फरशीवर न टेकविता काँक्रीटच्या पायात रोवावेत, म्हणजे तो पाया वाऱ्याच्या उचलीस विरोध करील.

दुसरा शत्रू पाणी. पत्र्याला दर फुटामागे किमान २ इंच उतार असावा आणि तो घरापासून दूर जाणारा असावा. भिंत व पत्रा यांमधील फट पुष्कळदा सिमेंटने बुजविली जाते. परंतु ३ मीटर लांबीचा लोखंडी पत्रा तापमान ३० अंशांनी वाढताच सुमारे १ मिलिमीटर लांबतो आणि रात्री पुन्हा आखडतो. सिमेंटला ही हालचाल सोसत नाही; त्याला तडा जातो व पाणी भिंतीत मुरते. यास्तव भिंतीत आडवी खाच घेऊन तीत वाकविलेल्या पत्र्याची पट्टी, म्हणजे फ्लॅशिंग, अडकवावी आणि तिची खालची कड छपरावर मोकळी उतरू द्यावी. पाणी वरून ओघळून जाते आणि पत्रा हालला तरी सांधा शाबूत राहतो. पत्र्याचे हुक पन्हळीच्या खोलगट भागात न मारता उंचवट्यावर, रबरी वायसरसह बसवावेत.

आर्थिक बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. कायमस्वरूपी छपरास स्थानिक स्वराज्य संस्थेची परवानगी लागू शकते. सहकारी गृहनिर्माण संस्थेत संस्थेची संमतीही आवश्यक असते. विनापरवाना वाढविलेला भाग पाडावा लागल्यास खर्च तर बुडतोच, शिवाय घर विकताना वा तारण ठेवताना अडचण उद्भवते. घर आधीच तारण असल्यास बदलाची पूर्वसूचना बँकेस लेखी द्यावी. दुरुस्ती कर्जासाठी अर्ज करताना अभियंत्याचे अंदाजपत्रक जोडावे आणि त्यात पत्र्याच्या किमतीबरोबरच बोल्ट, पाया व फ्लॅशिंग यांचा स्वतंत्र उल्लेख आहे ना, हे पाहावे. ठेकेदार काटकसर करतो ती बहुधा याच तीन बाबींत.

दरवर्षी मे महिन्यात सैल झालेले बोल्ट आवळणे, गंजलेले हुक बदलणे आणि पन्हळीतील पालापाचोळा काढणे एवढे केले, तरी हे छप्पर पुष्कळ वर्षे घराची व शेजाऱ्यांचीही काळजी मिटवील.