लहान विमानाची निगा (लेखांक ९) : पाण्याची परतीची वाट

विमानाच्या पत्र्याआड पाणी शिरूच नये, अशी रचना करणे जवळजवळ अशक्य असते, हे ध्यानात घेऊनच लहान विमानांचे आराखडे तयार होतात. १९५५ मध्ये प्रथम उडालेले आणि आजही वैमानिक-प्रशिक्षणात सर्रास वापरले जाणारे सेस्ना १७२ हे विमान उदाहरणादाखल घेतले, तर त्याचे धड, पंख आणि शेपटी हे सारे पातळ पत्र्याचे पोकळ डबेच आहेत. दारांच्या फटींतून आणि पत्र्यांच्या सांध्यांतून पावसाचे पाणी त्यांत झिरपते, आणि रात्री पत्रा गार झाला की आतल्या हवेतील बाष्पही त्यावर दव होऊन जमते. म्हणूनच धडाच्या पोटाशी, पंखांच्या खालच्या पत्र्यात आणि शेपटीच्या भागांत, जेथे पाणी उतारावरून येऊन थांबेल अशा जागी, बारीक छिद्रे मुद्दाम ठेवलेली असतात. त्यांना निचरा-छिद्रे म्हणतात.

ही छिद्रे बुजली की पहिले नुकसान पत्र्याचे होते. विमानाच्या ॲल्युमिनियममध्ये बळकटीसाठी तांबे मिसळलेले असते, परंतु त्याच तांब्यामुळे मिश्रधातूची गंजाला तोंड देण्याची शक्ती कमी होते. साचलेल्या पाण्यात धूळ आणि, जुहूसारख्या समुद्रालगतच्या विमानतळावर, हवेतले मीठ विरघळले म्हणजे पत्र्यावर पांढरी भुकटी धरू लागते. आवाज कमी करण्यासाठी बसवलेला स्पंज किंवा काचलोकर तळाशी भिजून राहिली, तर वरून कोरड्या दिसणाऱ्या केबिनखाली हे काम महिनोन्‌महिने चालू राहते.

त्याहून गंभीर बाब नियंत्रक पृष्ठांची आहे. विमान कलते करणारे एलेरॉन, त्याचे नाक वर-खाली करणारा एलिव्हेटर आणि ते डावी-उजवीकडे वळवणारा रडर ही पृष्ठे बिजागरीवर फिरतात. बिजागरीच्या पुढे वजन बसवून त्यांचा तोल ठरावीक मर्यादेत राखलेला असतो. मागच्या कडेशी १०० मिलिलिटर पाणी अडले, तर १०० ग्रॅमचा भार नेमका बिजागरीपासून सर्वांत दूर पडतो. हा तोल पुरेसा बिघडला, तर वेगात ते पृष्ठ आपोआप फडफडू लागते. या फडफडीला ‘फ्लटर’ म्हणतात आणि तिने पृष्ठ काही क्षणांतच मोडू शकते. वर गेल्यावर पाणी गोठले, तर नंतर उघडलेले छिद्रही ते बाहेर काढू शकत नाही.

छिद्रे बुजवणाऱ्या गोष्टी मात्र अगदी सामान्य असतात : इंजिनातून उडालेल्या तेलाचा पोटावर ओघळणारा थर आणि त्यात चिकटलेली धूळ, वाळलेली पाने, उंदरांनी ओढून आणलेली चिंधी, कुंभारीण माशीने लिंपलेली माती. नव्या रंगकामाचा दोष यांत सर्वांत अक्षम्य मानावा लागेल, कारण तेथे माणूसच रंगाच्या जाड थराने छिद्र बंद करतो.

तपासणीची पहिली खूण सोपी आहे. पाऊस पडून गेल्यावर किंवा विमान धुतल्यावर पोटाखाली थेंब गळत असतील, तर निचरा चालू आहे असे समजावे. भरपूर पाणी अंगावर येऊनही जमीन कोरडीच राहिली, तर संशय घ्यावा. छिद्र मोकळे करण्यासाठी लाकडी किंवा नायलॉनची बारीक काडी वापरावी, कारण लोखंडी तारेने संरक्षक थर खरवडला जातो आणि गंजाला नवी जागा मिळते. दाबाची हवा बाहेरून मारल्यास कचरा आणखी आत जातो. त्यापेक्षा तो बाहेर ओढून घेणे चांगले. पाणी निघत नाही म्हणून ड्रिलने नवे छिद्र पाडणे हे निर्मात्याच्या किंवा अन्य मान्य तांत्रिक सूचनेवाचून करण्याचे काम नव्हे, कारण पत्रा कोठे ताण पेलतो हे बाहेरून दिसत नाही.

छिद्रांच्या जागा निर्मात्याच्या देखभाल-पुस्तिकेत पाहाव्यात आणि रंगकामानंतर त्या सर्व मोकळ्या असल्याची, तसेच नियंत्रक पृष्ठांचा तोल पुन्हा तपासल्याची नोंद विमानाच्या लॉगबुकात करून घेतल्याखेरीज मालकाने विमान ताब्यात घेऊ नये.